अजिंठा-वेरूळ एकाच दिवसात, खासगी गाडी आणि गाईडसह: १६ हजार द्यावेत का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: आम्ही नाशिकला राहतो. फेब्रुवारीत एका रविवारी छत्रपती संभाजीनगरला पुतणीचं लग्न आहे. सोमवार-मंगळवार मोकळे आहेत, बुधवारी सकाळी परत निघायचं. बरोबर पत्नी, ७० वर्षांची आई (गुडघे दुखतात) आणि १२ व ९ वर्षांची मुलं. एका टूरवाल्याने सोमवारी अजिंठा आणि वेरूळ दोन्ही दाखवण्याचे १५,५०० रुपये अधिक जीएसटी सांगितले आहेत. त्यात सात आसनी गाडी आणि गाईड आले. १,००० रुपये टोकन दिलं आहे, बाकीचे क्रेडिट कार्डावर सहा ‘नो कॉस्ट’ हप्त्यांत देता येतील. पत्नीच्या मते गाईड हवाच, मेहुणा म्हणतो मोबाइलवर व्हिडिओ बघून जा. पगार हातात ६२,००० येतो. गृहकर्जाचा हप्ता १७,५००, एसआयपी ५,०००, घरखर्च ३२,०००. अडीअडचणीसाठी १,२०,००० बाजूला आहेत. लग्नापर्यंत तीन पगार होतील, त्यातून आहेर आणि प्रवासाचे ६,००० जातील. नुसत्या गाडीचे आणि नुसत्या गाईडचे दरही विचारून सोबत दिले आहेत. काय करावं?

उत्तर:

पैशांकडे वळण्याआधी वार बघा. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. म्हणजे सोमवारी ‘दोन्ही’ दाखवण्याचा जो सौदा तुमच्यापुढे आहे, तो पूर्णच होऊ शकत नाही. टूरवाल्याच्या हे लक्षात आलं नसेल, किंवा ऐन वेळी अजिंठ्याऐवजी बीबी का मकबरा आणि दौलताबाद दाखवून तेवढेच पैसे घेण्याचा त्याचा विचार असेल. दोन्ही शक्यतांत नुकसान तुमचंच आहे. तुमचे मोकळे दिवस मात्र अगदी हवे तसे आले आहेत: सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. दुसरा दिवस तुमच्याकडे आहेच, मुक्काम नातेवाइकांकडे आहे, त्यामुळे हॉटेलचा खर्चही वाढत नाही.

वार जुळले असते तरी तुमच्या कुटुंबासाठी दोन्ही लेणी एका दिवसात करा असं मी म्हणालो नसतो. शहरापासून वेरूळ साधारण ३० किलोमीटर आणि अजिंठा साधारण १००. वेरूळहून थेट अजिंठ्याला निघून परत शहरात यायचं म्हटलं तरी दिवसाला २३० किलोमीटरच्या आसपास होतात, म्हणजे पाच-सहा तास गाडीतच. वेरूळ पहाटे उघडतं म्हणून सहाला निघालात तरी अजिंठ्याच्या पार्किंगला पोहोचेपर्यंत दुपारचा एक वाजतो. तिथे खासगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या फाट्याजवळ ती ठेवायची, तिथून सुमारे चार किलोमीटर बसने जायचं आणि मग पायऱ्या चढायच्या. बसची रांग, तिकिटाची रांग आणि आईंचा वेग धरला तर प्रत्यक्ष लेण्यांसाठी दोन तास उरतात, तेही दमल्यावर. सोळा हजार देऊन शेवटी वेळच कमी पडणार.

आता तुम्ही पाठवलेले दर वेगळे मांडून बघू. पॅकेज १५,५००, त्यावर टूर ऑपरेटरचा जीएसटी ५ टक्के म्हणजे ७७५, एकूण १६,२७५. (बिलात १८ टक्के लावलेले दिसले तर कारण विचारा.) या रकमेत प्रवेश तिकिटं, अजिंठ्याची बस, डोली आणि जेवण नाही, हे खाली बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. तिकिटांचा भार तसा नगण्य आहे. दोन्ही ठिकाणी भारतीय प्रौढाला ४० रुपये, १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, म्हणजे तुम्हा पाच जणांचे दोन्हीकडचे मिळून २४०. बससाठी २५० धरा. डोली मात्र विसरू नका. अजिंठ्याच्या पायऱ्या आईंना जड जातील, तिथे डोलीवाले मिळतात, त्यासाठी २,५०० बाजूला ठेवा आणि बसण्याआधी जाऊन-येऊन किती, हे ठरवून घ्या. या सगळ्यासह पॅकेजचा खरा आकडा १९,२६५ होतो.

स्वतः जुळवाजुळव केली तर सोमवारचं वेरूळ असं पडतं: गाडीचं ८ तास-८० किलोमीटरचं स्थानिक भाडं २,६००, अर्ध्या दिवसाचा गाईड २,०००, तिकिटं १२०, पार्किंग आणि किरकोळ १५०. एकूण ४,८७०. मंगळवारी अजिंठ्याला गाडीचं किमान २५० किलोमीटरचं भाडं ४,५००, चालकाचा भत्ता ४००, तिथल्या गाईडचे २,०००, तिकिटं १२०, बस २५०, टोल-पार्किंगला २३०, डोलीला २,५००. एकूण १०,०००. दोन्ही दिवसांचे १४,८७० झाले. पॅकेजपेक्षा ४,३९५ रुपये कमी लागतात आणि एकाऐवजी दोन दिवस मिळतात. जेवण दोन्ही हिशोबांत धरलेलं नाही. दोन दिवस असल्यामुळे ते इथे थोडं वाढेल, पण वेरूळहून दुपारी परत आलात तर घरीच जेवता येईल.

हे पैसे कुठून यायचे? तुमच्या आकड्यांनुसार महिन्याला ७,५०० शिल्लक राहतात. तीन पगारांचे २२,५००, त्यातून लग्नाचे ६,००० वजा जाता १६,५००. चौदा हजार आठशे सत्तर त्यात बसतात, एकोणीस हजार बसत नाहीत. माझा निर्णय इथेच होतो: सहल करा, गाईडसह करा, पण पॅकेज नको आणि हप्ते नकोत.

‘नो कॉस्ट’ हप्त्यांबद्दल थोडं सविस्तर. व्याजाइतकी सूट आधी दिली जाते आणि मग तेवढंच व्याज हप्त्यांतून घेतलं जातं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रक्रिया फी तुमच्याच खिशातून जाते. टोकन वजा जाता उरलेल्या १५,२७५ वर वार्षिक १५ टक्के दर आणि सहा महिने धरले तर व्याज सुमारे ६७५ होतं आणि त्यावर जीएसटी सुमारे १२०. फी १९९ असेल तर तिच्यावरच्या करासह आणखी २३५. म्हणजे ‘काहीच खर्च नाही’ म्हणता म्हणता साडेतीनशेच्या वर जातात. ही रक्कम छोटी आहे हे मान्य. मोठी अडचण वेगळी आहे. सहा महिने दरमहा २,५०० च्या वर जातील, तुमच्या शिलकीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग, आणि मधे जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं येतील. तेव्हा कार्डाचं बिल पूर्ण भरता आलं नाही तर त्यावर महिन्याला ३ ते ४ टक्के व्याज चढतं.

अडीअडचणीच्या १,२०,००० ना हात लावू नका. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ४९,५०० लागतात, म्हणजे हा निधी जेमतेम अडीच महिन्यांचा आहे. तो आधीच कमी आहे, सहा महिन्यांपर्यंत न्यायला हवा. एसआयपी थांबवण्याचाही विचार नको. आज पगार झाला की ५,००० रुपये वेगळ्या बचत खात्यात टाका आणि पुढचे दोन पगारही तसंच करा. शेवटी १५,००० तयार असतील.

आता मेहुण्यांचा मुद्दा. गाईडचे ४,००० वाचवता येतील का? येतील, पण मी वाचवणार नाही. पाच जणांत, दोन्ही दिवसांच्या मिळून आठ तासांत वाटले तर माणशी तासाला १०० रुपये पडतात, कारण गाईडचा दर माणशी नसून गटाला असतो. पाच जणांच्या कुटुंबाला तो एकट्या प्रवाशापेक्षा फार स्वस्त पडतो. आणि अजिंठ्यात गाईडशिवाय जे हातातून जातं त्याची किंमत याहून जास्त आहे. रंग टिकावेत म्हणून आत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, डोळे सरावायलाच काही मिनिटं लागतात. भिंतीवर एकाच कथेचे प्रसंग चौकटींशिवाय एकमेकांत मिसळलेले आहेत. १७ व्या लेण्यातल्या जातककथा (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी) कुठे सुरू होतात आणि नजर कुठे वळवायची हे कुणी बोट दाखवून सांगितलं नाही, तर नऊ वर्षांचं मूल दोन मिनिटांत बाहेर पडेल. १ ल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, सगळेच बघतात. त्याच्या आजूबाजूला किती माणसं, झाडं, प्राणी आहेत, ते सांगावं लागतं. ९ आणि १० क्रमांकांची चैत्यगृहं (स्तूप असलेली प्रार्थनागृहं) बाकीच्या बहुतेक लेण्यांपेक्षा काही शतकं जुनी आहेत, हे नुसतं बघून कळत नाही.

पैसे खरोखरच एकाच गाईडपुरते उरले, तर तो अजिंठ्यात घ्या. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली खोदत आणलेलं आहे हे आधी वाचून गेलात, तरी त्याचं आकारमान स्वतःच बोलतं, आणि मुलांना हत्ती, रामायणाचे पट, कैलास हलवणारा रावण स्वतः ओळखता येतात. शिवाय कैलासाचं प्रांगण बऱ्यापैकी सपाट असल्याने आईही तिथे निवांत फिरू शकतील. ३४ लेण्यांतली सगळी बघायचा हट्ट नको. १६ वं कैलास, १० वं विश्वकर्मा, १२ वं तीन ताल खालूनच, आणि जमलं तर ३२ वी इंद्रसभा. ही इंद्रसभा ज्यांत येते ती जैन लेणी उत्तरेला किलोमीटरभराहून लांब आहेत, तिथे आईंना चालत नेऊ नका. घृष्णेश्वर जवळच आहे, आईंना तो आवडेल, पण गर्दी असते म्हणून वेळ राखून ठेवा. दौलताबाद परतीच्या वाटेवर लागतो, पण त्याची चढण आईंसाठी नाही, खालूनच बघा.

गाईड ठरवताना सगळ्यात जास्त फसगत एका वाक्यात होते: ‘गाईड सोबत असेल.’ बऱ्याचदा हा गाईड म्हणजे चालकच असतो, तो पार्किंगमध्ये थांबतो आणि लेण्यांत येत नाही. म्हणून लेखी विचारा: गाईड लेण्यांच्या आत येणार का, परवानाधारक आहे का, मराठीतून सांगेल का. त्याच्या फोटोसह ओळखपत्राची छायाप्रत आधी मागा आणि मुदत बघा. फोनवर एक प्रश्न विचारा, ‘कैलासात आमच्याकडे ४० मिनिटं आहेत, नऊ वर्षांच्या मुलाला काय दाखवाल?’ ज्याला काम येतं तो लगेच तीन-चार शिल्पांची नावं घेतो. ‘सगळं दाखवतो’ म्हणणाऱ्याला सोडा. आणखी एक अट घाला: दुकानं नाहीत. पैठणी-हिमरूच्या दुकानात नेलं की खरेदीवर दलाली मिळते, आणि ती वेळ तुमच्या चार तासांतूनच जाते. खरेदी करायची असेल तर नातेवाइकांबरोबर वेगळी करा.

अजिंठ्याला गाईड शहरातून नेऊ नका, तिथलाच ठरवा. शहरातून नेला की पूर्ण दिवसाचा दर आणि प्रवासाचे पैसे लागतात. दुसरं कारण जागेचं आहे. सात आसनांत चालक धरलेला असतो, तुम्ही पाच, गाईड सातवा, म्हणजे मागच्या ओळीत कुणीतरी अडकून बसणार आणि सामानाला जागाच नाही.

गाडीबाबत नंबरप्लेट पिवळी आणि अक्षरं काळी आहेत ना, एवढं नक्की बघा (विजेवर चालणारी टॅक्सी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात). पांढऱ्या प्लेटची गाडी हजारभर स्वस्त सांगतात, पण ती भाड्याने चालवायला परवानगी नसते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं हेच कारण दाखवून दावा नाकारू शकते. तिघा मोठ्यांना आणि दोन मुलांना घेऊन जाताना ही बचत करू नये. भाडं ठरवताना किलोमीटर आणि तास गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात की तुमच्या दारापासून, ते विचारा. सोमवारच्या ८० किलोमीटरच्या भाड्यात वेरूळचे जाऊन-येऊन ६० जातात, गॅरेज लांब असेल तर उरलेले वीस सहज संपतात. जादा किलोमीटर आणि जादा तासाचा दर लिहून घ्या, आणि निघताना मीटरचा फोटो काढा.

गाडीवाला आणि गाईड, दोघांनाही आगाऊ पाव रकमेपेक्षा जास्त देऊ नका. उरलेले काम झाल्यावर. यूपीआय करताना खात्याचं नाव व्यवसायाचं आहे की भलत्याच कुणाचं, ते पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर दिसतं. रद्द केल्यास किती परत, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. घरात लहान मुलं आणि वयस्कर माणूस असताना ऐन वेळी एखादा दिवस रद्द करावा लागू शकतो. तसं झालंच तर वेरूळ सोडा, अजिंठा ठेवा.

राहिलं टोकन. टूरवाल्याला आजच लिहा की सोमवारी अजिंठा बंद असल्याने त्याने सांगितलेली सेवा देणं शक्यच नाही, म्हणून १,००० रुपये परत हवेत. ‘तारीख बदलून देतो’ म्हणेल. मंगळवार घेतला तर वेरूळ बंद, हेही त्याच संदेशात लिहा. आधीचं बोलणं, दर आणि पावती यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. आठवड्यात पैसे आले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, त्यासाठी वकील लागत नाही.