अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन आणि त्यांच्या पत्नी अबिगेल अ‍ॅडम्स यांच्या संसारावरच्या कादंबरीतले संवाद खरे मानावेत का?

पत्रांतून उचललेले असतील तर बऱ्यापैकी माना, समोरासमोरचे मात्र लेखकाचेच समजा. या जोडप्याची अकराशेच्या वर पत्रं टिकली आहेत. मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने ती ऑनलाइन मोफत ठेवली आहेत, त्यामुळे शंका आली की तारीख घालून पडताळता येतं. ३१ मार्च १७७६ च्या पत्रात अबिगेल स्वतंत्र होऊ घातलेल्या अमेरिकेच्या नव्या कायद्यांत बायकांना विसरू नका असं बजावते आणि १४ एप्रिलच्या उत्तरात जॉन ते चक्क हसण्यावारी नेतात. हा प्रसंग कादंबरीत आला तर तो कल्पित नाही. जुलै १७७७ मध्ये त्यांची मुलगी मृत जन्मली तेव्हा जॉन फिलाडेल्फियात होते. ते दुःखही पत्रांत आहे.

गोची अशी की माणसं दूर असली की पत्रं लिहितात. १७८४ पासून काही वर्षं दोघं युरोपात एकत्र राहिले, तेव्हा एकमेकांना लिहायची गरजच फारशी उरली नाही. घरातली भांडणं, जेवणाच्या टेबलावरचं बोलणं, हे सगळं तिथे लेखकाला रचावंच लागतं.

हा भरवसा दुसऱ्या जोडप्यांना लावू नका. मार्था वॉशिंग्टनने नवऱ्याशी, म्हणजे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याशी, झालेला पत्रव्यवहार जवळजवळ सगळा जाळला. तिसरे राष्ट्राध्यक्ष जेफरसन आणि त्यांच्या पत्नीचं तर एकमेकांना लिहिलेलं एकही पत्र उरलेलं नाही.