लेकीचा किडनीचा आजार आणि न्यूझीलंडची पीआर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि न्यूझीलंडला जाऊन आयसीयूत काम करायचं तिनं ठरवलंय. सोळाव्या वर्षी लघवीतून प्रोटीन जातंय असं आढळलं, बायोप्सीत आयजीए नेफ्रोपॅथी, म्हणजे किडनीच्या गाळण्यांना सूज आणणारा आजार, निघाला, सहा महिने स्टेरॉइड झाले. आता बाविसाव्या वर्षी रोज प्रेशरची एक गोळी, बाकी काही नाही. एजंट म्हणतो, "फॉर्मवर किडनीचं लिहूच नका, आणि कळलंच तर मेडिकल वेव्हर मिळतो." वेव्हर म्हणजे आरोग्याच्या अटीतून सूट. तुम्ही विचारलंय, लपवावं, की परदेशाचा विचारच सोडावा?

लपवू नका. आणि विचार सोडण्यासारखंही मला तुमच्या पत्रात आज काही दिसत नाही.

मेडिकल कसं होतं ते आधी सांगते. इमिग्रेशननं नेमलेल्या पॅनेल डॉक्टरांकडेच ते करावं लागतं. पासपोर्ट तपासतात, उंची, वजन, रक्तदाब, छातीचा एक्स-रे, रक्त आणि लघवी. रक्तात क्रिएटिनिन बघतात आणि त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते तो आकडा काढतात. लघवीत पट्टी बुडवली की मिनिटभरात प्रोटीनचा पिवळा चौकोन हिरवट होतो. तिनं "किडनीचा आजार कधीच नव्हता" यावर सही केलेली असेल, तर ती सही आणि तो हिरवा चौकोन एकाच फाइलमध्ये जाणार. आजाराचा निर्णय कदाचित तिच्या बाजूनं लागला असता, पण माहिती दडवल्याचा ठपका वेगळा बसतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तो सोबत येतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलानं थायरॉइडचं साधं ऑपरेशन एजंटच्या सांगण्यावरून लपवलं होतं. गळ्यावरचा व्रण डॉक्टरांना दिसलाच. ऑपरेशनमुळे त्याचं काही अडलं नसतं. न सांगितल्यामुळे मात्र खुलासे देण्यात त्याचे कितीतरी महिने गेले.

आता नियम. रेसिडेन्स व्हिसासाठी, म्हणजे आपण ज्याला पीआर म्हणतो त्या कायम राहण्याच्या परवानगीसाठी, न्यूझीलंड तीन गोष्टी बघतं. अर्जदारामुळे इतरांच्या आरोग्याला धोका आहे का, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेवर किंवा विशेष शिक्षणावर मोठा भार पडेल का, आणि ज्या कामासाठी व्हिसा मागितलाय ते काम तिला झेपेल का. मोठा भार म्हणजे किती, याचा आकडा ठरलेला आहे. सप्टेंबर 2022 पासून ती मर्यादा पाच वर्षांत 81,000 न्यूझीलंड डॉलर आहे. त्याआधी ती 41,000 होती. तुम्ही लिहिलंय, "औषधांचा सगळा खर्च आम्ही करू, तसं प्रतिज्ञापत्र देऊ." ताई, तुमची माया कळते, पण या हिशोबात ते धरत नाहीत. विमा असो, घरचा पैसा असो, खर्चाचा अंदाज बांधताना तो बाजूला ठेवतात. कारण एकदा रेसिडेन्स मिळाला की सरकारी उपचार हा तिचा हक्क होतो.

सहा महिन्यांनी एक तपासणी आणि रोजची एक गोळी, एवढ्यानं 81,000 डॉलर होत नाहीत. त्यामुळे खरा प्रश्न आजच्या खर्चाचा नाहीच. पुढच्या पाच वर्षांत डायलिसिस लागण्याची शक्यता किती, हा आहे. कारण वेव्हरच्या नियमांत काही दारं मुळातच बंद आहेत: डायलिसिस चालू असेल किंवा पाच वर्षांत लागेल असं वैद्यकीय असेसरचं, म्हणजे इमिग्रेशनसाठी रिपोर्ट तपासणाऱ्या डॉक्टरचं, मत असेल, पूर्णवेळ देखभाल लागत असेल, टीबी सक्रिय असेल, तर वेव्हरचा विचारच होत नाही. एजंटनं हे तुम्हाला सांगितलं नाही, याचा मला खरोखर राग आला.

ज्यांच्यासाठी दार उघडं असतं, त्यांनाही वेव्हर आपोआप मिळत नाही. असेसर फक्त वैद्यकीय मत देतो, निर्णय इमिग्रेशन अधिकारी घेतो. भार किती पडेल, जवळचं कुटुंब तिथे कायमचं राहतं का, अर्जदाराचा देशाला उपयोग किती, हे सगळं तो एकत्र तोलतो. तुमच्या लेकीचं तिथे कोणी नाही, ही बाजू रिकामी. पण रजिस्टर्ड नर्स हे काम डिसेंबर 2022 पासून ग्रीन लिस्टच्या, म्हणजे तिथे गरज असलेल्या कामांच्या सरकारी यादीच्या, थेट रेसिडेन्सच्या गटात आहे, ही बाजू भक्कम. विरोधात काही निघालं तर नकार देण्याआधी ते पत्र पाठवून म्हणणं मांडायची संधी देतात. त्या पत्राला भावनिक उत्तर लिहून उपयोग नसतो. तज्ज्ञाचा ताजा रिपोर्ट आणि कामाचे पुरावे लागतात. नकार आलाच तर तो कळल्यापासून 42 दिवसांत ट्रिब्युनलकडे अपील करता येतं.

तरीही माझं मत स्पष्ट आहे. वेव्हरच्या भरवशावर करिअर आखू नका. वेव्हर लागूच नये अशी फाइल तयार करा.

त्यासाठी तिच्या किडनीच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि सविस्तर रिपोर्ट मागा. "पेशंट स्टेबल आहे, प्रवासास हरकत नाही" असं दोन ओळींचं पत्र चालणार नाही. बायोप्सीत नेमकं काय होतं, स्टेरॉइड कधी सुरू झाले आणि कधी बंद झाले, सध्याचा डोस, लघवीतलं प्रोटीन किती, आणि मुख्य म्हणजे सोळाव्या वर्षापासून आजपर्यंतचे क्रिएटिनिन आणि ईजीएफआरचे आकडे तारखांसह. एका आकड्यानं फार कळत नाही. ईजीएफआर 90च्या वर असेल तर उत्तमच, पण 70 असून सहा वर्षं तिथेच थांबलेला असेल तर तोही दिलासाच आहे. तोच दरवर्षी सात-आठनं उतरत असेल तर चित्र वेगळं. मग डॉक्टरांना सरळ विचारा, "पाच वर्षांत डायलिसिसची शक्यता तुम्हाला वाटते का? रात्रपाळी आणि बारा तासांची ड्यूटी हिला झेपेल का?" आणि उत्तर लेखी घ्या. ते वाचून एजंटला पहिला पैसा द्यायचा की नाही ते ठरवा. डॉक्टरांनी शक्यता बरीच आहे असं सांगितलं, तर हा खर्च करू नका. नर्सिंगची पदवी तरीही तिचीच आहे.

रिपोर्ट चांगला आला तरी घाई नको. पदवीनंतर दोन वर्षं तिला चांगल्या आयसीयूत काम करू द्या. अनुभव मिळेल, नोंदणीच्या परीक्षेची तयारी होईल, आणि त्याच दोन वर्षांत तिच्या तपासण्यांची नोंद आणखी लांब होईल. नियमित ड्यूटी करूनही आकडे स्थिर राहिले, याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

आणखी एक. तिथे आधी वर्क व्हिसा मिळाला म्हणून पीआरचं मेडिकल पार पडलं असं समजू नका. तात्पुरत्या व्हिसाला तेवढ्या मुक्कामाचा खर्च बघतात, रेसिडेन्सला पुढचा.

दिरांनी ऑस्ट्रेलिया सुचवलाय. तिथे वेव्हर व्हिसाच्या प्रकारावर ठरतो; जोडीदाराच्या व्हिसाला तो मागता येतो, पण 189 आणि 190 या कौशल्याच्या व्हिसांना ती सोयच नाही. कॅनडानं 2018 मध्ये खर्चाची मर्यादा तिप्पट केली, तोही पर्याय नजरेसमोर असू द्या.

मी करिअरचा सल्ला देते, इमिग्रेशनचा अर्ज मी भरून देऊ शकत नाही. न्यूझीलंडच्या 2007च्या कायद्यानं हा सल्ला परवानाधारक सल्लागार किंवा वकील अशा मोजक्यांनाच देता येतो, आणि तो कायदा परदेशात बसून सल्ला देणाऱ्यांनाही लागू आहे. सल्लागारांची नोंदवही ऑनलाइन खुली असते. तुमच्या एजंटचं नाव आज रात्रीच त्यात शोधा. "काही लिहू नका" म्हणणारा माणूस त्यात सापडेल असं मला वाटत नाही.

शेवटी, पत्र तुम्ही तिला न सांगता लिहिलंय. हे उत्तर तिला वाचायला द्या. नर्स होणारी मुलगी आहे, स्वतःचे आकडे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले वाचता येतील. सगळे जुने रिपोर्ट तारखेनं लावून ती स्वतः डॉक्टरांसमोर बसू दे, आणि ते काय म्हणाले हे मला तिनंच लिहून कळवावं.