दहावीत गणित गेलं तर?

"मुलगी दहावीत आहे. पूर्वपरीक्षेपासून रात्री दोन-दोन वाजता उठून बसते. पेपरच्या दिवशी पोटात दुखतं, डॉक्टर म्हणतात काही नाही. सारखं एकच विचारते, मी नापास झाले तर? 'होणार नाहीस' म्हणून म्हणून आम्ही थकलो."

जानेवारी उजाडला की असं विचारणारे पालक माझ्याकडे समुपदेशनाला आठवड्याला एक तरी येतात. उत्तरादाखल एक केस सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलीला सायली म्हणू. इचलकरंजीकडची. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आई घरी काज-बटणाचं काम करते. पहिल्या दिवशी तिघंही आले. सायली शाळेतून थेट आली होती. दप्तर खाली ठेवलं, पण कंपासपेटी मांडीवरच. बोलत होते ते वडील. "दहावी एकदा गेली म्हंजे गेलीच की ओ मॅडम. पुढं काय करायचं पोरीनं?" ते बोलत असताना सायलीचा अंगठा पेटीचं झाकण उघडत होता, मिटत होता.

त्या दिवशी मी चुकले. उत्साहाच्या भरात सगळं सांगून टाकलं: अकरावीच्या शाखा, पॉलिटेक्निक, आयटीआय, मुक्त विद्यालय, कशानंतर काय होतं ते. सायली मान डोलावत होती. चार दिवसांनी आईचा फोन आला, होती ती झोपही गेली म्हणून. पोरगी आईला म्हणाली होती, "एवढं सगळं आहे आणि मला त्यातलं काहीच येत नाही."

इतकी वर्षं हे काम करूनही माझ्या हातून हे होतं. आपल्या मोठ्यांना वाटतं, चार वाटा दाखवल्या की मुलाला धीर येईल. घाबरलेल्या मुलाला त्या नापास व्हायच्या आणखी चार जागा दिसतात.

दुसऱ्या वेळी तिला एकटीला बसवलं. माहितीपत्रकं कपाटात ठेवली. म्हटलं, "समज, नापास झालीस. तो दिवस कसा जाईल ते मला सांग."

तिनं भराभरा सांगितलं. दुपारी एकला निकाल. आत्याचा फोन येणार. पप्पा काही न बोलता गाडी काढून बाहेर जाणार. मम्मी रडणार.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "दुसऱ्या दिवशीचं काही नाही, मॅडम."

दुखणं तिथं होतं. निकालाच्या दुपारनंतरचा तिचा कागद कोरा होता, आणि आम्ही सगळे त्या कोऱ्या कागदावर 'तू पास होशील' एवढंच लिहीत होतो.

गणिताचं विचारलं तेव्हा तिनं कंपासपेटी उघडली. कोनमापकाखाली आलेखाच्या कागदाची घडी. त्यावर आकडे: १३, ९ आणि दोनदा गोल केलेला १४. पूर्वपरीक्षेत गणित भाग १ मध्ये ४० पैकी १३, भाग २ मध्ये ९. दोन्हीकडे वेगवेगळे १४ लागतात, म्हणजे आपण दोन्हींत नापास, असा तिचा हिशेब. "कोण म्हणालं?" "सगळे म्हणतात."

म्हटलं, तसं नसतं. दोन्ही भाग मिळून ८०, अंतर्गत मूल्यमापनाचे २०, आणि या शंभरात ३५ मिळाले की विषय सुटला. अंतर्गतचे किती? गृहपाठ पूर्ण, सर सोळापर्यंत देतील म्हणाले होते. तिनं माझ्याच पेननं उभी बेरीज मांडली, हातचा एक बोटावर धरला. अडतीस. मग परत केली. तिसऱ्यांदाही केली.

अडतीस म्हणजे काठावरचं काम, तेही मी सांगितलं. खोटा धीर मुलांना लगेच कळतो. मग म्हटलं, एकतीसच पडले तर? कॅलेंडरच्या मागच्या बाजूला दोनच ओळी लिहिल्या. एक, जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, राहिलेला विषय तेव्हा देता येतो, वर्षभर घरी बसावं लागत नाही. दोन, एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीत बसता येतं, फक्त बारावीत जाण्याआधी ते सोडवावे लागतात. तिनं कॅलेंडरचं पान फाडून मागितलं. घडी करून कोनमापकाखाली ठेवलं आणि आलेखाचा कागद माझ्या टेबलावर सोडून गेली.

(जाता जाता: 'बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, गणित सोडलं तरी चालतं' असं मुलं एकमेकांना सांगतात. चालत नाही. टक्केवारी उत्तम पाच विषयांची निघते, पण पास सगळ्या विषयांत व्हावं लागतं.)

तिसऱ्या भेटीत वडिलांना पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाचं विचारायचं होतं. प्रवेश परीक्षा नाही, दहावीच्या गुणांवर यादी लागते, तीन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि पुढं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्यांचा चेहरा खुलला. पण पहिल्याच वर्षी तिथं गणित पुढ्यात येतं, हेही सांगावं लागलं. मग आयटीआय. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की तिथूनही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहे. ते म्हणाले, "आमच्या सायझिंगच्या कारखान्यातला इलेक्ट्रिशियन आयटीआयचाच. मशीन बंद पडलं की मालकसुद्धा त्याची वाट बघत बसतो." मग थांबले. "पण पोरीला?"

मी काही बोलले नाही. तीन भेटींत पहिल्यांदाच आई बोलली. "पोरीला काय झालं?"

सायलीला मात्र यातलं काही नको होतं. कॉमर्सला गणित ऐच्छिक असतं हे ऐकून ती सरळ बसली. मी जरा अडवलं, कारण नुसत्या भीतीनं निवडलेली शाखा पुढं बोचते. गणित नसतं तरी कॉमर्स घेतलं असतंस का? म्हणाली, आईच्या नगांची वही मीच लिहिते, ते आवडतं. एवढं पुरेसं होतं. यावरून कुणी तिला लगेच सीए करायला निघू नये. पंधराव्या वर्षी 'आवडतं' एवढं कळलं तरी खूप झालं.

घरासाठी मी दोनच गोष्टी सांगितल्या. 'गेली की गेलीच' हे वाक्य बंद. रात्री साडेदहानंतर पुस्तकही बंद. झोप परतायला तीन आठवडे लागले. दोन आठवडे मूल झोपत नसेल, जेवत नसेल, तर नुसत्या समुपदेशनावर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि जगण्यात अर्थ नाही असं एकदा जरी बोललं, तर वाट न बघता त्याच दिवशी. मुलाला एकटं ठेवू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

सायलीला गणितात ४१ पडले. कॉमर्सला गेली, गणिताऐवजी एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेतला. दिवाळीच्या सुमारास तिचा मेसेज आला: "मॅडम, चिटणिसाची कार्यपद्धती गणितापेक्षा अवघड आहे. कुणी सांगितलंच नव्हतं. पण झोप लागते."