चेक रडार संसदेने फेटाळलं नाही. आधी १०१ मोजा

"चेक संसदेने अमेरिकी रडार फेटाळलं" हे तुमच्या प्रबंधातलं वाक्य गाइडनी कापलं, बरं केलं. माझ्याही मसुद्यात तेच होतं आणि अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. चूक आली होती एका कार्यालयाच्या इंग्रजी गोषवाऱ्यातून. दुरुस्तीसाठी तीन पत्रं पाठवली, पोचसुद्धा नाही!

हे रडार अमेरिकेच्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं, चेक प्रजासत्ताकात ब्रडीच्या जंगलात उभारायचं होतं. सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, त्यासाठीचे दोन्ही करार २७ नोव्हेंबर २००८ रोजी मंजूर केले होते. खालच्या सभागृहातून सरकारनेच १७ मार्च २००९ रोजी मतदानाआधी ते मागे घेतले. करार दोन आहेत, गल्लत नको: रडारचा प्रागमध्ये ८ जुलै २००८ ला झाला, अमेरिकी सैनिकांच्या कायदेशीर दर्जाचा लंडनमध्ये १९ सप्टेंबरला.

मागे का घेतले? परदेशी सैन्य देशात ठेवायला राज्यघटनेच्या ३९व्या कलमानुसार एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, हजर असलेल्यांचं नव्हे. २०० पैकी १०१. गैरहजर आणि तटस्थ, दोघेही विरोधातच जमा. पंतप्रधान टोपोलानेक यांच्या तीन पक्षांच्या आघाडीकडे २००६ च्या निकालानुसार ८१ अधिक १३ अधिक ६, म्हणजे बरोबर १००. जानेवारी २००७ चा विश्वासठराव १०० विरुद्ध ९७ असा निभावला, कारण तिथे हजर सदस्यांचं बहुमत पुरतं आणि सोशल डेमोक्रॅट्समधल्या दोघांनी मतदान टाळलं. करारासाठी ही युक्ती कुचकामी. शिवाय आघाडीतल्या ग्रीन पक्षातल्या झुबोवा आणि याकुबकोवा फुटल्या होत्या. २४ मार्चला सरकार पडलं तेही १०१ मतांनीच. त्या दोघी आणि ओडीएसचे, म्हणजे टोपोलानेक यांच्याच पक्षाचे, दोन बंडखोर विरोधकांना मिळाले. ओबामांनी योजना रद्द केली ती १७ सप्टेंबर २००९ ला, म्हणजे नंतर.

रशियाचा दबाव होताच, पण मुख्य कारण म्हणून तो मला तरी पटत नाही. (मी घटनातज्ज्ञ नाही, कलमं स्वतः वाचून घ्या.) रडारच्या जागेजवळच्या त्रोकावेत्स गावात रडारविरोधात ७१ आणि बाजूने १ असं मतदान झालं. उदाहरण झकास, पण संसदेवर बंधनकारक नव्हतं. जनमत चाचण्यांत साधारण दोन तृतीयांश लोक विरोधात, तरी सिनेटने होकार दिलाच.

सभागृहाच्या संकेतस्थळावर २००६–२०१० च्या कार्यकाळात नावानिशी मतदान मिळतं. शोध चेकमध्येच घ्या. सरकारी बाजू 'रडार' म्हणते, विरोधक 'झाक्लाद्ना', म्हणजे तळ. सोव्हिएत फौजा १९९१ पर्यंत तिथे होत्या, ब्रडीच्याच जंगलात त्यांचं अण्वस्त्रांचं कोठार होतं. 'तळ' म्हटलं की तिथल्या माणसाला काय आठवतं ते वेगळं सांगायला नको. एकाच शब्दाने शोधलंत तर अर्धी चर्चा हाती लागणार नाही.