मैदान सुटलं, आता सायकॉलॉजी करायचंय? मग हे ऐक

बाळा, मी धाराशिवची, खो-खो नॅशनल खेळले, गुडघा गेला तेव्हा मला पण वाटलं होतं की आपण मैदान बघितलंय म्हणजे पोरींचं मन आपल्याला कळतंय. तसं नसतंय बग. खेळाडू पोरींचं समुपदेशन करायला लागले त्या पहिल्या वर्षी एक पोरगी समोर बसून नखानं चटईची काडी उचकत होती अन् मी वीस मिनिटं माझ्याच गुडघ्याची गोष्ट सांगत बसले, ती परत आलीच नाही. आपली गोष्ट दाराबाहेर ठेवायची.

शिक्षणाचं म्हणशील तर एमए सायकॉलॉजी आपल्या संभाजीनगरला विद्यापीठात होतंय, पण नुसत्या एमएवर स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेऊ नको, त्याला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मॅचच्या आधी हात थरथरतात, खांबावर झेप घेताना कचरते, यावर श्वास, रूटीन, मनात ती झेप पुन्हा पुन्हा बघणं, हे काम तू शिकून करू शकतेस. पण झोप उडालीय, जेवण सुटलंय, जगणं नको म्हणतीय, तिथं लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठव, अन् टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तोंडपाठ ठेव.

आणि कोच विचारणारच, ती काय बोलली म्हणून. पोरीला न विचारता एक शब्द सांगायचा नाही, हे कोचला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून टाक.