लस तीच, नियम मात्र देशागणिक वेगळा: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरताईंची उत्तरं

दिवाळी झाली तशी पत्रांची रांगच लागली आणि बहुतेकांचा प्रश्न एकच, आमची कोविडची लस परदेशात चालते की नाही. खाली जे लिहिलंय ते 14 नोव्हेंबर 2021 पर्यंतचं आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण हे नियम पंधरा पंधरा दिवसांनी बदलून राहिले. तिकीट काढायच्या दिवशी एकदा आणि निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा एकदा, त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर स्वतः बघा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या पीडीएफवर जाऊ नका, प्लीज.

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीला आहे, जानेवारीत तिची डिलिव्हरी. मी आणि आमचे हे, दोघांनीही कोव्हॅक्सिन घेतलं, दोन्ही डोस जूनमध्येच झाले. व्हिसा जुनाच आहे, दहा वर्षांचा. पण सगळे म्हणून राहिले की कोव्हॅक्सिनवाल्यांना अमेरिकेत घेत नाहीत. जावई म्हणतात, आई रिस्क नका घेऊ. काय करावं? (मनीष नगर)

काकू, जा. मनात काही न ठेवता जा.

महिनाभर आधी विचारलं असतं तर मला एवढं ठामपणे सांगता आलं नसतं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, म्हणजे 3 नोव्हेंबरला डब्ल्यूएचओनं कोव्हॅक्सिनला आपत्कालीन वापराच्या यादीत घेतलं, आणि 8 नोव्हेंबरपासून अमेरिकेचा नवा नियम लागू झाला की त्यांच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेनं, किंवा डब्ल्यूएचओनं मान्य केलेली कुठलीही लस चालेल. भारतातून येणाऱ्यांवर 4 मेपासून जी बंदी होती तीही त्याच दिवशी उठली. दुसऱ्या डोसनंतर 14 दिवस झालेले हवेत, तुमचे तर पाच महिने झाले.

टेस्ट मात्र लागेल. पूर्ण लस झालेल्यांना निघायच्या आधीच्या तीन दिवसांतली निगेटिव्ह टेस्ट हवी, आरटीपीसीआर किंवा अँटिजन, दोन्ही चालतात. आपले नागपूरचे लोक चुकतात ते इथंच. नागपूर-मुंबई वेगळं तिकीट, मुंबईत नातेवाइकांकडे दोन दिवस मुक्काम, आणि टेस्ट करून घेतली धंतोलीत घराजवळच्या लॅबमध्ये, मग मुंबईच्या काउंटरवर कळतं की रिपोर्ट जुना झाला. दिवस मोजायचे ते अमेरिकेच्या फ्लाइटपासून, नागपूर सोडल्यापासून नाही. मुक्काम असेल तर सरळ मुंबईतच टेस्ट करा.

आणि आजच एक काम करा, मुलाला किंवा शेजारच्या पोराला बसवून कोविनवर, म्हणजे लसीच्या नोंदणीच्या सरकारी वेबसाइटवर, दोघांची सर्टिफिकेटं उघडा. पासपोर्टवरचं नाव आणि सर्टिफिकेटवरचं नाव अक्षरन् अक्षर एक आहे का बघा. आपल्याकडे आधारवर एक नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मध्ये, आडनाव पुढे की मागे याचा काही नेम नाही. कोविनमध्ये 'रेज अॅन इश्यू' म्हणून भाग आहे, तिथे पासपोर्ट नंबर जोडता येतो आणि नाव, जन्मवर्ष, लिंग यातली चूकही सुधारता येते, पण सुधारणा एकदाच मिळते, म्हणून घाईत स्पेलिंग टाकू नका, पासपोर्ट समोर ठेवून टाका.

माझ्या भाचीचं सांगते. तिला दोन्ही डोस नीट लागले, पण सेंटरवाल्यांनी दुसऱ्या वेळी पहिला डोस म्हणूनच नोंद केली, आणि हातात आली दोन अर्धवट सर्टिफिकेटं. तिला ते कळलं व्हिसाच्या अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री. ती दोन्ही एकत्र करायची सोयही त्याच भागात आहे, पण त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही. म्हणून म्हणते, आजच बघा.

प्रश्न: ताई, मी जानेवारीत मास्टर्ससाठी इंग्लंडला चाललो. कोविशिल्डचे दोन्ही डोस झाले, विद्यार्थी म्हणून दुसरा डोस 84 दिवसांचं ठरलेलं अंतर व्हायच्या आधीच मिळाला होता. सप्टेंबरमध्ये न्यूज होती की तिकडे आपल्याला लस न घेतलेले समजतात. अजून तसंच आहे का? (प्रताप नगर)

नाही बेटा, आता तसं नाही. पण झालं काय होतं ते समजून घे, कारण माझा त्यावर राग अजून गेलेला नाही.

सप्टेंबरच्या मध्यात ब्रिटननं नवे नियम काढले, 4 ऑक्टोबरपासून लागू होणारे, त्यात भारतात लस घेतलेले धरलेच नव्हते, दोन डोस घेऊनही दहा दिवस क्वारंटाईन. ओरड झाल्यावर 22 सप्टेंबरला यादीत कोविशिल्डचं नाव घातलं पण भारताचं नाही, म्हणजे लस मान्य, सर्टिफिकेट अमान्य. आता बघ, ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेकाचीच ही लस, पुण्याच्या सीरम कंपनीत बनते, आणि मार्चमध्ये सीरमनं बनवलेले पन्नास लाख डोस खुद्द ब्रिटनला गेले होते. तीच बाटली लंडनच्या माणसाला टोचली तर तो सुरक्षित आणि सीताबर्डीच्या माणसाला टोचली तर संशयित? याला विज्ञान म्हणत नाहीत. भारतानंही मग 4 ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना तसेच नियम लावले, 72 तासांतली आरटीपीसीआर, उतरल्यावर टेस्ट, आठव्या दिवशी टेस्ट, दहा दिवस क्वारंटाईन. आठवड्याभरात गाडी रुळावर आली, 11 ऑक्टोबरपासून कोविशिल्डच्या दोन डोसवाल्यांना क्वारंटाईन नाही.

तुझ्यासाठी आज एवढंच: निघण्याआधी पॅसेंजर लोकेटर फॉर्म, म्हणजे तिकडे कुठे राहणार वगैरे माहितीचा ब्रिटनचा सरकारी फॉर्म, भर, आणि पोचल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंतची टेस्ट इथूनच बुक करून ठेव, इंग्लंडसाठी अँटिजनवाली स्वस्त टेस्टही चालते. दुसरा डोस लवकर घेतला याची भीती नको, ती सवलत 7 जूनच्या सरकारी नियमानं विद्यार्थी, नोकरीवाले आणि ऑलिम्पिकच्या चमूला दिली होती, 28 दिवसांनंतर. सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर आहे ना आणि पूर्ण जन्मतारीख आली आहे ना तेवढं बघ, आधी नुसतं जन्मवर्ष यायचं, ब्रिटनला पूर्ण तारीख हवी आहे. तुझ्या कोव्हॅक्सिनवाल्या मित्रांना सांग, 22 नोव्हेंबरपासून तेही ब्रिटनमध्ये चालणार आहे.

प्रश्न: युरोपच्या ग्रीन पासमध्ये, म्हणजे तिकडच्या कोविड प्रवास-दाखल्यात, कोविशिल्ड का नाही? आपली लस कमी दर्जाची आहे का? (सक्करदरा)

नाही, दर्जाचा प्रश्न नाही. लस ही गोळीसारखी नसते, ती जिवंत पेशींमधून बनवतात, त्यामुळे युरोपची औषध संस्था फॉर्म्युल्यासोबत कारखानाही मंजूर करते. 1 जुलैला पास सुरू झाला तेव्हा त्यांच्याकडे अॅस्ट्राझेनेकाची व्हॅक्सझेव्हरिया मंजूर होती, पुण्याच्या कारखान्यातली कोविशिल्ड नव्हती. मात्र प्रत्येक देशाला आपल्यापुरती सूट द्यायची मुभा आहे, म्हणून जर्मनी, ऑस्ट्रिया, ग्रीस, स्पेन, आयर्लंड, स्वित्झर्लंड अशा देशांनी जुलैमध्येच कोविशिल्ड मानली. तुम्हाला 'युरोप' असं विचारून उपयोग नाही, ज्या देशात उतरणार त्याचं नाव घेऊनच विचारावं लागतं, आणि मध्ये विमान बदलणार असाल तर त्या देशाचंही.

प्रश्न: कोव्हॅक्सिनचे दोन झाले, पण कंपनी ज्या देशात पाठवून राहिली तिथे ते अजून चालत नाही. मित्र म्हणतो दुसऱ्या आयडीवर कोविशिल्ड घेऊन टाक, कोणाला कळत नाही. घेऊ का? (नाव देऊ नये)

नका घेऊ, भाऊ. तुमची अडचण मला कळते, नोकरीचा प्रश्न आहे, घर त्यावर चालतं. पण खोट्या नोंदीवर मिळालेला कागद घेऊन परक्या देशाच्या इमिग्रेशनसमोर उभं राहायचं, आणि उद्या पासपोर्ट जोडताना एकाच माणसाच्या दोन नोंदी निघाल्या तर उत्तर काय देणार? शिवाय दोन लसींचे चार डोस एकाच शरीरात, कुठल्या डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय, आणि रिअॅक्शन आली तर खरं सांगायचीही चोरी. कोव्हॅक्सिन काही कमी नाही, तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत लक्षणं असलेल्या कोविडविरुद्ध 77.8 टक्के परिणामकारक निघालं. डब्ल्यूएचओचा शिक्का आता आलाय, ऑस्ट्रेलियानं तर त्याच्याही दोन दिवस आधी, 1 नोव्हेंबरला मान्यता दिली. कंपनीकडून जॉइनिंगची तारीख लेखी पुढे ढकलून मागा, कारण खरं आहे आणि ते त्यांनाही माहीत आहे.

प्रश्न: कामासाठी नैरोबीला जायचंय. कोविडचं सर्टिफिकेट आहे, तरी एजंट पिवळ्या तापाची लस मागतो. फसवून तर नाही राहिला? (वर्धा रोड)

नाही, बरोबर सांगतोय. ही लस कोविडच्या कितीतरी आधीपासून प्रवासाला लागते. केनियात पिवळा ताप आहे, आपल्याकडे तो नाही पण तो पसरवणारा एडिस डास भरपूर आहे, डेंग्यूवाला तोच. म्हणून तिकडून परत येताना ही लस घेतल्याचं कार्ड नसेल तर भारतातच सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, आरोग्य मंत्रालयानं मान्य केलेल्या सेंटरवरच घ्यावी लागते, आणि कार्ड लागू होतं ते लसीनंतर दहा दिवसांनी, तेव्हा आदल्या आठवड्यात धावपळ करून काही होत नाही. एक डोस आयुष्यभर पुरतो, 2016 पासून तसा नियम आहे, आधी दर दहा वर्षांनी घ्यावा लागायचा. अंड्याची अॅलर्जी असेल तर टोचण्याआधी तिथल्या डॉक्टरांना नक्की सांगा.