प्रॉक्सीमागे अडलेल्या चाचण्या

प्रश्न : सेलेनियम या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाच्या स्वयंचलित चाचण्या घरी सुरळीत चालतात, सुरक्षा प्रॉक्सी (इंटरनेटची ये-जा तपासणारा मधला सर्व्हर) असलेल्या कार्यालयात मात्र सुरुवातीलाच थांबतात. काय करावे?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : चाचणीचा प्रोग्रॅम आणि ब्राउझर चालवणारा ड्रायव्हर हे बहुधा एकाच संगणकावर, १२७.०.०.१ या संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्यावरून एकमेकांशी बोलतात. परंतु प्रॉक्सीची सेटिंग सर्वच विनंत्यांना लागू झाली, तर हा संगणकाच्या आतला संवादही प्रॉक्सीच्या दारी जातो आणि तिथेच अडतो. म्हणून ‘नो प्रॉक्सी’ (NO_PROXY) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वाचतात त्या प्रणालीच्या सेटिंगमध्ये, लोकलहोस्ट (त्याच पत्त्याचे नाव) व १२७.०.०.१ यांची नोंद करावी. ४०७ ही त्रुटी दिसल्यास प्रॉक्सी लॉगिन मागत आहे, असे समजावे. सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राची त्रुटी आली, तरी पडताळणी बंद करू नये, अशी कळकळीची विनंती आहे; प्रॉक्सीचे मूळ प्रमाणपत्र नेटवर्क विभागाकडून मागून बसवून घ्यावे.